बोट लागली, पण…

बोट धक्क्याला लागली म्हणजे आपण उतरलोच, अशी आमची भाबडी समजूत होती. गोव्याची जलसफर आटोपून सकाळी मुंबईला आलो. दुपारच्या विमानाने हुबळी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी धारवाडला आईचे वर्षश्राद्ध.

आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवण्याची सूचना आम्ही निमूटपणे पाळली. त्या धक्क्यावर येईपर्यंत आम्ही ताटकळलो. सामान हातीच ठेवणारे केव्हाच उतरून गेले! पुढे सांताक्रूझपर्यंत वीसेक किलोमीटरांची गर्दी. काउंटर बंद व्हायला चारच मिनिटे उरली होती.

आणि वाटेत मुरगावला बोट थांबली होती, जिथून लोंढ्यामार्गे धारवाडकडे १८८८ पासून आगगाडी धावते! हे मात्र घरी, श्राद्धाच्या पंगतीत सुचले.