तीन किलोमीटर जाणारी गोळी

मालवण तालुक्यातल्या बागायतदाराच्या घरी बंदूक असली, तर ती कोयता-कुदळीच्या रांगेतली वस्तू असते. परवाना शेतीसंरक्षणाचा, बंदूक ठासणीची किंवा फार तर एकनळी काडतुसी, आणि तिचं काम म्हणजे रात्री भातात घुसणारी रानडुकरं आणि दिवसा माडावर चढून कोवळी शहाळी खाली टाकणारी माकडं हाकलणं. बऱ्याचदा नुसता आवाज पुरतो. अशा घरात वाढलेल्या मला अमेरिकेतल्या एका बाजाराचा बरीच वर्षं हेवा वाटायचा. लष्करांनी सेवेतून काढलेल्या रायफली तिथे सामान्य माणसाला विकत मिळतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांतून बाहेर पडलेली मोसिन-नागांत तर शंभर डॉलरच्याही आत मिळत होती. आपल्याकडे एकनळी घ्यायची तर परवान्याच्या फेऱ्या मारून चपला झिजतात, आणि तिकडे महायुद्ध पाहिलेली रायफल घड्याळाच्या किमतीत! आज मात्र आमच्या किनाऱ्यावर अशी स्वस्त रायफल येत नाही हेच बरं, असं माझं मत आहे. कारण नैतिक नसून भूगोलाचं आहे.

आधी या रायफलींची बाजू न्यायाने मांडायला हवी, कारण त्यांचं आकर्षण खोटं नाही. लष्करी रायफल चिखलात, पावसात, अर्धशिक्षित शिपायाच्या हातात चालावी म्हणून बनलेली असते. सुटे भाग कमी, लोखंड भरपूर. आपल्याला जवळची म्हणजे ली-एनफिल्ड, लोकांच्या तोंडची ‘थ्री नॉट थ्री’. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बनू लागली. दमट हवेत लाकूड तडकू नये म्हणून पुढच्या भागात एक आडवा स्क्रू बसवण्याची युक्ती इशापूरचीच. त्याच कारखान्याने 1962 च्या चीन युद्धानंतर त्याच सांगाड्यावर नव्या 7.62 मिलिमीटर काडतुसाची रायफलही काढली. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो 2020 साली. शंभर वर्षांहून जुनी रचना इतकी टिकते, तेव्हा ती घडवणाऱ्यांना मानलंच पाहिजे. मग साहजिकच कोणी म्हणेल, की निवृत्त झालेल्या या हजारो रायफली वितळवण्यापेक्षा शेतकऱ्यांना स्वस्तात का देऊ नयेत? प्रश्न भाबडा नाही, म्हणून उत्तर सविस्तर द्यावं लागतं.

पहिली गोष्ट स्वस्ताईची. रायफल एकदाच घ्यायची असते, काडतूस पुन्हा पुन्हा. सर्प्लस, म्हणजे लष्कराने काढून टाकलेली, रायफल स्वस्त वाटायची ती तिच्या जोडीला सर्प्लस काडतुसांचे डबे मातीमोल भावाने मिळत होते म्हणून. डबे संपत आले तशी काडतुसं महागली आणि रायफलीही. 2021 मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याची आयात रोखली, तेव्हा उरलीसुरली स्वस्ताईही आटली. त्या जुन्या काडतुसांतही एक खोड होती. त्यांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार काढला की नळीत त्याचं मीठ उरतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि नळी आतून गंजते. तेल चोळून हे मीठ जात नाही, ते पाण्यात विरघळतं. म्हणून प्रत्येक बारानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, मग तेल द्यावं लागतं. अमेरिकेच्या कोरड्या राज्यांत यात एखाद्या दिवसाची चालढकल खपेल. आमच्याकडे बंद कपाटातल्या कुलपालाही बुरशी आणि गंज एकाच पावसाळ्यात धरतात. देवबाग-तारकर्लीच्या वाऱ्यात तर मीठ आयतंच आहे. रात्री अडीच वाजता डुकरावर बार काढून आलेला माणूस चुलीवर पाणी तापवून नळी धुईल, यावर मी पैज लावणार नाही. आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का असलेली थ्री नॉट थ्रीची जुनी काडतुसं परदेशी हौशी लोकांत उशिरा पेट घेण्यासाठी बदनाम आहेत. म्हणजे चाप ओढला, काही झालं नाही, म्हणून नळी बाजूला वळवली, आणि तेवढ्यात बार. पाकिस्तानी ‘पीओएफ’ शिक्क्याच्या काडतुसांचीही तीच ख्याती. फाळणीने निदान हा वारसा समान वाटला.

पण गंज आणि किंमत या दुय्यम बाबी. खरा मुद्दा गोळी जाते कुठे, हा आहे. थ्री नॉट थ्रीची गोळी अकरा ग्रॅमच्या आसपास वजनाची, नळीतून सुटताना सेकंदाला साडेसातशे मीटरच्या जवळपास वेगाची, आणि नळी योग्य कोनात वर असली तर तीन किलोमीटरच्या आसपास जाऊन पडणारी. पहिल्या महायुद्धातल्या रायफलीच्या नेम धरायच्या मागच्या पट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंत खुणा असायच्या, कारण दूरच्या शत्रूच्या घोळक्यावर तुकडीने मिळून मारा करायचा, असा तेव्हाचा हिशोब. आता हे अंतर आमच्या नकाशावर ठेवून बघा. मालवणच्या बंदरावरून सुटलेली अशी गोळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावरून पार जाऊन समुद्रात पडेल. देवबागची पट्टी तर कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये इतकी चिंचोळी आहे, की तिथून कोणत्याही दिशेला नेम धरला तरी पलीकडे होडी, जाळी, नाहीतर भोगव्याच्या बाजूची घरं. आतल्या गावांतही फरक फारसा नाही. विदर्भात किंवा उत्तर प्रदेशात गाव एका जागी आणि शेत दुसरीकडे असतं. कोकणात वाडी पसरलेली, माडाच्या बागेतच घर, दोन घरांमध्ये पाणंद, पाणंदीवरून पहाटे मासेवाली. कोणत्याही बागेतून तीन किलोमीटरच्या वर्तुळात किती चुली पेटतात, ते ज्याने-त्याने मोजून पाहावं. याउलट बारा बोरच्या काडतुसी बंदुकीतल्या बारीक छर्ऱ्यांचा जोर तीनशे-साडेतीनशे मीटरमध्ये संपतो. जाडे एलजी छर्रेसुद्धा पाऊण किलोमीटरच्या आत खाली येतात. लढाईत रायफलीचा जो गुण, तोच वाडीत तिचा दोष. आधीच शिकारीला गेलेल्यांपैकी एकाला दुसऱ्याने सावज समजून बार काढल्याची बातमी अधूनमधून स्थानिक वर्तमानपत्रात येते. हातात लांब पल्ल्याचं हत्यार असतं, तर अशा अपघातातला माणूस सोबतचाच असता असं नाही. पलीकडच्या वाडीत झोपलेला कोणीही असू शकला असता.

कायद्यानेही ही रेघ जवळपास इथेच ओढली आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमातलं तेरावं कलम शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना गृहीत धरतं, आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा देतं. पेचदार नळी, म्हणजे रायफल, त्या वाक्यात नाही. या धोरणाचा इतिहास मात्र काही शोभिवंत नाही. 1857 नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना एनफिल्डच्याच घडणीची, पण गुळगुळीत नळीची बंदूक दिली, म्हणजे ती गोऱ्या सोजिरांच्या रायफलीपेक्षा लंगडी राहावी. पुढे इशापूरने थ्री नॉट थ्रीच्याच सांगाड्यावर, पेच नसलेली आणि एका वेळी एकच बार काढणारी, ‘चारशे दहा’ची मस्केट पोलिस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी बनवली.  हे सगळं रयतेवरच्या अविश्वासातून आलं, यात मला शंका नाही. तरीही मी या रेघेच्या बाजूने आहे. इंग्रजांना आमची भीती होती म्हणून त्यांनी पल्ला तोडला. आम्हाला शेजाऱ्याची काळजी आहे म्हणून तो तुटलेलाच बरा. कायदा वाईट हेतूने जन्मला म्हणून तो आजच्या जमिनीवर चुकीचाच ठरतो, असं नाही.

याला सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवी लोकांचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर अंगावर येतं किंवा झाडीत जाऊन चार दिवस कुजत मरतं. रायफलीच्या एका गोळीने काम स्वच्छ होतं. तीस-चाळीस मीटरच्या पुढे हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ती एक गोळी नेमकी लागायला सराव लागतो, आणि त्याहून जास्त, गोळी अडवायला मागे मातीचा बांध लागतो. रात्री, बॅटरीच्या झोतात, उतारावरून वरच्या दिशेने नेम धरताना मागे आभाळ असतं. शिवाय डुकरावर बार काढायलाही वनखात्याची रीतसर परवानगी लागते, म्हणजे घाईने दूरवरून मारण्याचं काम कायद्यालाही अपेक्षित नाही. जवळून मारायचंच तर एलजी आहे, आणि बारा बोरमध्ये एकच जाड गोळी असलेलं काडतूसही बनतं. दुसरा आक्षेप .315 बोरचा: ती रायफल देशी, कायदेशीर, उत्तरेत तर घरोघर, मग आम्हीच का मागे? .315 ही ली-एनफिल्डच्याच कुळातली, फक्त लष्करी काडतुसाशी जुळू नये म्हणून वेगळ्या मापाची. पल्ल्याचा प्रश्न तिच्यातही तोच.

अमेरिकेत तर हे सगळं सुरळीत चालतं ना, असं विचारणाऱ्यांना एक आठवण. 1963 मध्ये ज्या रायफलीने जॉन केनेडींचा खून झाला, ती इटालियन लष्कराची सर्प्लस कार्कानो होती, दुर्बिणीसह 19.95 डॉलरला, टपालाने मागवलेली. त्यानंतर 1968 मध्ये त्या देशानेही टपालविक्री आणि लष्करी सर्प्लसची आयात कायद्याने बंद केली, आणि जुन्या संग्राह्य शस्त्रांपुरती ती आयात खुली व्हायला 1980 चं दशक उजाडलं.

माझी तक्रार रायफल न मिळण्याची नाही, आहे ती बंदूक वापरू न देण्याची आहे. खडकीची ‘शक्तिमान’ काडतुसं वेळेवर आणि परवडणाऱ्या भावाने मिळाली, तर कोणी जुन्या रायफलीकडे वळूनही पाहणार नाही. दुसरं, निवडणूक आली की बंदुका पोलिस ठाण्यात जमा करा अशी नोटीस निघते. 2024 च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान 7 मे रोजी होतं, म्हणजे आचारसंहितेचा बराचसा काळ काजूच्या हंगामातच. सरसकट सगळ्यांच्या बंदुका न घेता प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार छाननी समितीने करावा, असं न्यायालयांनी सांगून झालं आहे. तेवढं प्रामाणिकपणे पाळलं तरी पुष्कळ. आणि पिकात घुसणाऱ्या गव्याचं म्हणाल, तर सावंतवाडी-दोडामार्गकडून तो आता खाली सरकू लागला आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्यावर ठासणीचा काय नि थ्री नॉट थ्रीचा काय, कोणताही बार काढणं गुन्हाच. तिथे कुंपण आणि वेळेत मिळणारी भरपाई एवढंच मागता येतं, आणि पंचनाम्याला माणूस यायला किती दिवस लागावेत, यावर भांडता येतं.