वर्ध्याची पांढरी ढोरं

वर्धा म्हटलं की तुम्हाला सेवाग्रामची बापूकुटी आठवेल, पवनारचा विनोबांचा आश्रम आठवेल. सहलीला गेला असाल तर गोरस पाकाचा पुडाही घरी आणला असेल! पण हा गोरस पाक ज्या गोरसावरून नाव घेतो, ते गोरस देणाऱ्या गाई पाहायच्या तर शहर सोडून उत्तरेला जायला हवं. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हे तालुके म्हणजे गवळाऊ गुरांचा मुलूख. पांढरीशुभ्र नाहीतर राखाडी कातडी, लांबट अरुंद तोंड, सडपातळ पण काटक अंग. टेकड्यांच्या वाटेवरून बंडी घेऊन ही बैलजोडी अशी काही दुडक्या चालीने पळते की बसणाऱ्याने दांडी घट्ट धरलेली बरी.

कारंजा तालुक्यात माझ्या आत्याचं चार एकरांचं शेत आहे. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. दावणीला दोन गाई, एक कालवड, एक बैलजोडी आणि चार शेळ्या. तिकडे गोठ्याला ‘कोठा’ म्हणतात आणि गुरांना ‘ढोरं’.

कोठ्यातला दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. आधी शेण उचलायचं. पाटीत भरून ते उखंड्यावर टाकायचं, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत त्याचं खत होतं. मग झाडलोट, मग कुटार. तुरीचा, हरभऱ्याचा, सोयाबीनचा भुसा म्हणजे कुटार. वर्षभराचा साठा त्याचाच. दुधाच्या गाईला वरून सरकीची ढेप. त्यानंतर वासरू सोडतात. देशी गाय वासराने ढुसण्या दिल्याशिवाय पान्हा सोडत नाही. आणि धारेला माणूसही ओळखीचं हवं. आत्याची नात सातवीत आहे. ती मोठ्या ऐटीत मला म्हणाली, “काका, तुम्ही बसाल तर ते लाथ मारन. तिले माह्या हाताचंच लागते.”

सकाळी गावातली ढोरं आखरावर गोळा होतात आणि गायकी त्यांना रानात नेतो. ही मोठी जोखमीची नोकरी बरं का! याच जिल्ह्यात बोरचं जंगल आहे. २०१४ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला हद्दीची पाटी वाचता येत नाही, आणि चुकार गाईलाही नाही. ढोर मारलं गेलं तर वनखात्याला लगेच कळवावं लागतं, पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण ती मिळेपर्यंत दूध बंद, आणि ऐन पेरणीत जोडीतला एक बैल गेला तर दुसरा नुसता उभा. म्हणून संध्याकाळी ढोरं परतली की आत्या दारात उभी राहून मोजते. सगळी आली तरी पुन्हा एकदा मोजते.

उन्हाळा तर विचारूच नका. वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. एका गाईला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं. विहीर आटली की ते डोक्यावरून आणायचं. गोचीड काढायचे, लाळ्या-खुरकूताची लस टोचून घ्यायची. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा अंगभर गाठी उठलेली जनावरं वेगळी बांधावी लागत. माश्या, डास बसू नयेत म्हणून कोठ्यात कडुलिंबाचा धूर चाले.

एवढं करून गवळाऊ गाय देते किती? एका वेतात साधारण ५०० ते ७०० लिटर. चांगली संकरित गाय तेवढं दूध दोन-अडीच महिन्यांत देते. बैलजोडीचं गणितही असंच. काम असतं पेरणी, डवरणीचं, फार तर चार-पाच महिने. खाणं मात्र बाराही महिने. ट्रॅक्टर भाड्याने येतो, तासाभरात वखरून जातो. म्हणूनच ही जात कमी होत चालली आहे. ती टिकावी यासाठी कारंजा तालुक्यातच हेटीकुंडीला सरकारचं गवळाऊ पैदास केंद्र आहे. पूर्वीही हा विचार झाला होता. १९४१ साली वर्ध्याला गोसेवा संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने या कामाला दिले. ते गोपुरीत झोपडीत राहत. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. गंमत म्हणजे हे सारं ज्यांच्या सल्ल्याने चाललं, ते गांधीजी स्वतः प्यायचे शेळीचं दूध!

आत्याच्या घरीही सध्या हाच वाद आहे. जोडीतला ढवळ्या म्हातारा झालाय. चढावर धापा टाकतो. भाऊ म्हणतो, विकू आणि ट्रॅक्टर सांगू. आत्याचं उत्तर ठरलेलं, “ट्रॅक्टर शेण देते काय? आन् त्याले पोळ्याले काय हार घालशीन?” भाऊ हसतो, पण त्याचंही खोटं नाही. ढेपेचे पैसे तोच भरतो.

मी होतो तेव्हा पोळा दोन दिवसांवर होता. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी झाली. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं, शेकायचं आणि बैलांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे काम भाऊनेच केलं. ढवळ्याच्या खांद्यावर त्याचा हात जरा जास्त वेळ फिरत होता. विक्रीचं कुणी बोललं नाही. पोळ्यानंतर बघू, एवढंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. झडत्या झाल्या, पुरणपोळी झाली. पाडव्याला मुलांचा तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून घरोघर फिरायचं आणि बोजारा मिळवायचा. सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा तर बघण्यासारखा. तिथे काही लाकडी बैल खऱ्या बैलाएवढे असतात. आत्याच्या नातीचा बैल वीतभरच. तिला सत्तावीस रुपये बोजारा मिळाला. त्यातले वीस तिने बापाच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, “ढवळ्याच्या ढेपीले.”