मार्सेय : ‘येतो’ म्हणणाऱ्यांचे बंदर

काही शहरे राजाच्या हुकमाने वसतात, काही बाजाराच्या गर्दीतून वाढतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मार्सेय मात्र एका स्वयंवरातून जन्माला आले, अशी तिथली कथा आहे. सुमारे २६०० वर्षांपूर्वी आशिया मायनरमधल्या फोकेआ या ग्रीक नगरातले काही दर्यावर्दी व्यापाराच्या शोधात या किनाऱ्याला लागले. नेमका त्याच दिवशी तिथल्या टोळीचा राजा नान आपल्या मुलीचे लग्न ठरवत होता. रीत अशी होती की, पंगतीत राजकन्येने आपल्या हाताने ज्याला पेला द्यावा, तोच तिचा वर. राजकन्या जिप्टिस जमलेल्या सगळ्या उमेदवारांना ओलांडून पुढे गेली आणि तिने पेला दिला तो आगंतुक पाहुण्याला, प्रोटिस नावाच्या ग्रीक खलाशाला! राजाने जावयाला बंदरालगतची जमीन दिली. तिथे मासालिया हे नगर वसले, आणि मासालियाचेच पुढे मार्सेय झाले. इतिहासाचे पंडित या कथेला किती मान देतील ते देवो. आपल्याकडे वरमाला असते, तिकडे पेला होता, एवढाच फरक.

पण मला या कथेतली एक गोष्ट राहून राहून नवलाची वाटते. जिप्टिसने निवडला तो खलाशी. म्हणजे, जो आज आहे आणि उद्या नाही, असा नवरा.

हे मला कळते, कारण माझाही नवरा दर्यावर्दीच. हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी जन्म, मुंबईत शिक्षण आणि पुढची सारी नोकरी जगाच्या पाण्यावर. सहा महिने बोटीवर, तीन-चार महिने घरी, असा आमचा संसार. यंदाच्या मे महिन्यात लग्नाला २० वर्षे झाली. त्यांपैकी एका छपराखाली किती काळ गेला, याचा हिशेब मी एकदा परीक्षेच्या वर्गावर पहारा करता करता मांडला होता. उत्तर आले सात वर्षे आणि काही महिने.

विसावा वाढदिवस कुठे साजरा करायचा, हे मीच ठरवले. मार्सेयच्या पश्चिमेला फोस नावाचे मोठे मालवाहू बंदर आहे. तेलाच्या नि मालाच्या बोटी तिथे लागतात. “मार्सेयला चारदा जाऊन आलोय,” असे हे पाहुण्यांना नेहमी सांगत. पण चारही वेळा पाहिले ते फोसचे धक्के आणि तेलाच्या टाक्या. ह्यांनी सारी बंदरे पाण्याकडून पाहिलेली. मी समुद्र पाहिला तो जमिनीवरून, कुणाची तरी वाट पाहत. एकदा दोघांनी मिळून एकाच बाजूने एखादे बंदर पाहावे, एवढीच माझी हौस. लेकीला आजीच्या हवाली केले, व्हिसाचे कागद गोळा करण्याचे दिव्य पार पाडले आणि निघालो.

ह्यांच्या बॅगेत मात्र आणखी एक कागद होता. नव्या मुंबईतल्या एका संस्थेने ह्यांना मरीन इंजिनिअरिंग शिकवायला बोलावले होते. पगार बोटीवरच्या पगाराच्या तिसरा हिस्सा. घराचे कर्ज फिटायचे होते, लेक बारावीत जायची होती आणि उत्तर आठ दिवसांत कळवायचे होते. “तू काय म्हणतेस?” असे ह्यांनी मुंबईत दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा चहा टाकायला उठले. खरे सांगायचे तर प्रश्न पैशाचाच नव्हता. समुद्रावरून येणारा नवरा मला चांगला ठाऊक होता. रोज संध्याकाळी घरी येणारा नवरा मला ठाऊकच नव्हता!

पॅरिसहून वेगवान गाडी साधारण सव्वातीन तासांत मार्सेयच्या सँ-शार्ल स्टेशनात आणून सोडते. स्टेशन टेकाडावर आहे. बाहेर पडावे तो समोर १०४ पायऱ्यांचा रुंद जिना आणि पायथ्याशी उन्हात पसरलेले शहर. वर्षाकाठी अडीच हजार तासांहून अधिक ऊन इथे पडते. याचे श्रेय बऱ्याच अंशी मिस्त्राल नावाच्या वाऱ्याला. हा थंड, कोरडा वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सणाणत येतो आणि आकाश घासूनपुसून लख्ख करून ठेवतो. आम्ही उतरलो त्या दिवशी तो पाहुणचाराला हजरच होता. माझा पदर आणि ह्यांची टोपी सांभाळता सांभाळता १०४ पायऱ्या कधी संपल्या ते कळले नाही.

शहराचा जीव आहे तो जुन्या बंदरात. तीन बाजूंनी इमारती, मधे पाणी आणि पाण्यावर डोलकाठ्यांचे रान. बंदरापासून निघणाऱ्या हमरस्त्याचे नाव कानबिएर. भांगेच्या जातीच्या झाडाच्या वाखाला तिकडच्या जुन्या बोलीत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. त्या वाखाचे बोटींसाठी दोर वळले जात. सकाळी धक्क्यावर कोळ्यांची मेजे लागतात आणि ताजी मासळी येते. ह्यांना शब्दभर फ्रेंच येत नाही. पण मासळी निवडायला भाषा लागत नाही, हे मला त्या दिवशी समजले. कल्ले उचलून पाहणारा गृहस्थ कोकणचा असो की मार्सेयचा, कोळीण त्याला ओळखते.

धक्क्यावरच नॉर्मन फॉस्टर या वास्तुशिल्पज्ञाने २०१३ साली उभारलेले एक आरशाचे छत आहे. बारीक खांबांवर चकचकीत पत्रा. त्याखाली उभे राहून वर पाहिले की सारी गर्दी डोके खाली करून चालताना दिसते. आम्हीही वर पाहिले. दोन पिकू लागलेली डोकी शेजारी शेजारी दिसली. “कानशिलावर कधी पांढरे झाले गं तुझे?” ह्यांनी विचारले. “तुम्ही सिंगापूरला होता तेव्हा,” मी म्हटले.

हे बराच वेळ धक्क्याच्या कडेला बसून पाणी न्याहाळत राहिले. दुपार झाली तरी पाणी सकाळच्याच रेघेवर. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वीतभर वरखाली झाले तर झाले. खाडीकाठच्या माणसाला हे पटणे कठीण. दिवसातून दोनदा जाणारे आणि दोनदा येणारे पाणी पाहत ते वाढले. “जातच नाही, तर येण्याची मजा काय?” असे काहीसे ते पुटपुटले. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

मिस्त्राल असला की समोरच्या इफ बेटावरची लाँच बंद असते. दुसऱ्या दिवशी वारा पडला, तेव्हा गेलो. तिथला किल्ला पुढे तुरुंग झाला आणि अलेक्झांद्र द्यूमाच्या ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीने जगप्रसिद्ध केला. १८४४ ते १८४६ या काळात ती क्रमशः छापून आली. तिचा नायक दांतेस हाही मार्सेयचाच खलाशी. वाङ्निश्चयाच्या पंगतीतून त्याला पकडून इथे डांबतात. कादंबरीतल्या त्या माणसाची कोठडी पर्यटकांना अगदी गंभीर चेहऱ्याने दाखवली जाते.

मला मात्र त्या बेटावर आठवण झाली ती एका खऱ्याखुऱ्या कैद्याची. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना एक गेंडा नजर केला होता. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून बोटीने लिस्बनला गेला. पोर्तुगालच्या राजाने तो पोपकडे भेट म्हणून धाडला. वाटेत, १५१६ च्या आरंभी, त्याची बोट या इफ बेटाशी थांबली आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम तो पाहायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात बोट बुडाली. साखळदंडाने जखडलेला तो मुका जीव बोटीबरोबर गेला. गोव्याच्या धक्क्यावरून निघताना त्याला कुणी विचारले नव्हते, आणि परत येतो म्हणायला त्याला वाणी नव्हती.

मराठीच्या प्राध्यापिकेला मार्सेयमध्ये आणखी एक ठिकाण शोधणे भागच होते. जुने बंदर लहान. मोठ्या आगबोटी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या जोलिएतच्या नव्या बंदराकडे लागू लागल्या. हिंदुस्थानची टपाल-बोट मार्सेयला थांबे. ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांना कैदी म्हणून मुंबईला आणत असता, ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात त्यांनी पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली. पोहत धक्का गाठला. पण फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिले. पुढे हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. कैद्याला परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही, असा निकाल १९११ च्या फेब्रुवारीत लागला. ह्यांनी पोर्टहोल म्हणजे केवढे असते ते दोन्ही हातांनी दाखवले. तो वर्तुळाकार पाहून मी गप्पच झाले.

उडी आपण सारे शाळेपासून ऐकतो. त्या धक्क्यांकडे पाहताना मला मात्र यमुनाबाई आठवल्या. १९०६ साली पती बॅरिस्टर व्हायला विलायतेस गेले. त्यानंतर खटले, अंदमान, तुरुंग. तुरुंगाच्या भिंतीबाहेर एकत्र संसार मांडायला १९२४ साल उजाडावे लागले आणि तोही रत्नागिरीत, स्थानबद्धतेत. १८ वर्षे! माझा परीक्षेच्या वर्गातला हिशेब मला फार लहान वाटला.

शहराच्या डोक्यावर, दीडशे मीटर उंचीच्या टेकडीवर, नोत्र-दाम द ला गार्द हे देऊळ आहे. १८६४ साली त्याची प्रतिष्ठा झाली. मनोऱ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली मेरीमातेची ११ मीटरांहून उंच मूर्ती, कडेवर बाळ. मार्सेयचे लोक तिला लाडाने ‘बोन मेर’, म्हणजे भली आई, म्हणतात. बंदर सोडणाऱ्याला शेवटी दिसते ती तीच, आणि परतणाऱ्याला पहिल्यांदा दिसते तीही तीच.

आत शिरलो आणि मान वर करून पाहतच राहिलो. छतापासून दोरीने लहान लहान बोटी टांगलेल्या. शिडाची गलबते, आगबोटी, होड्या. वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडले ते असे. भिंतीवर संगमरवरी पाट्या. कुणाची बोट बुडतानाची चित्रे, तर कुणाची नुसतीच ‘आभार’ एवढी अक्षरे आणि तारीख. हे एकेका बोटीकडे बोट दाखवून तिचे कूळ सांगू लागले. मी पाट्या वाचत होते. भिंतीवर पाट्या होत्या त्या परत आलेल्यांच्या. न आलेल्यांच्या पाट्या कोण लावणार?

आपल्या भाषेत घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. इतकी वर्षे मी वर्गात क्रियापदे शिकवते. पण जाणाऱ्याच्या तोंडी येण्याचे क्रियापद घालणारी ही रीत म्हणजे केवढा मोठा नवस आहे, ते मला त्या टांगलेल्या बोटींखाली उमगले. ज्याने उच्चारायचा त्याने उंबऱ्यात उच्चारायचा, आणि फिटेपर्यंत सांभाळायचा तो घरात राहिलेल्या माणसाने. २० वर्षांत ह्यांनी तीसएक वेळा बॅग उचलून मला ‘येतो’ म्हटले होते. प्रत्येक वेळी आले. माझी एकही पाटी कुठे लागलेली नव्हती.

बाहेरच्या गच्चीवर वारा पुन्हा उठला होता. खाली तांबड्या कौलांचे शहर, पुढे इफचे बेट आणि क्षितिजापर्यंत निळे पाणी. ह्यांनी कठड्याला रेलून तिसऱ्यांदा विचारले, “मग काय कळवू त्यांना?”

इथे चहा टाकायला उठण्याची सोय नव्हती.

“भीती वाटते,” मी म्हटले. “तुमची नाही, रोजची. घराला माझी सवय झालीय, मला एकटीची.”

“मलाही वाटते,” हे म्हणाले. “जमिनीवर मी कोण, तेच मला ठाऊक नाही. बोटीवर निदान सहाला चहा मिळतो.”

“घरी सहाला मिळणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. रोज ‘येतो’ म्हणाल, तर रोज यावे लागेल.”

हे इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या जर्मन आजीबाई दचकल्या. हो किंवा नाही असा शब्द कुणीच उच्चारला नाही. पण टेकडी उतरताना बॅगेतला कागद हलका झाला होता.

वाढदिवसाच्या रात्री बुइयाबेस मागवले. कोळ्यांनी न विकल्या गेलेल्या काटेरी मासळीचे केलेले हे कालवण आता मोठ्या हॉटेलांतली महागडी मिजास झाले आहे. १९८० साली तिथल्या हॉटेलवाल्यांनी त्यासाठी रीतसर सनद केली. त्यात किमान चार जातींचे मासे हवेत. आधी केशर आणि बडीशेपेच्या वासाचे सार, सोबत लसणीची तिखट रूइय लावलेला पाव. मग मासे वेगळ्या ताटात. “तिरफळ हवे होते,” असा निवाडा देऊन ह्यांनी ताट चाटून पुसून स्वच्छ केले. मला अधिक आवडली ती पानिस. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून थापायचे, थंड करायचे, कापून तळायचे. पाटवडीची ही सख्खी मावसबहीण मला भूमध्य समुद्राकाठी भेटावी, याचा आनंद काय सांगू!

जेवताना मी ह्यांच्यापुढे पाण्याचा पेला केला.

“स्वयंवर की काय?” ह्यांनी विचारले.

“दुसरा उमेदवार कुठून आणू आता?”

मार्सेयहून येताना मी ७२ टक्के तेलाचा शिक्का असलेले साबणाचे चौकोनी ठोकळे आणले, नावेच्या आकाराची नावेत बिस्किटे आणली आणि हा नवरा आणला. जूनपासून हे शिकवायला जातात. महिन्याचा हिशेब ओढाताणीचा झाला आहे. डबे कुठे ठेवायचे यावरून आमचे खटके उडतात आणि माझ्या आवडीच्या खुर्चीवर आता वर्तमानपत्र पसरलेले असते. सकाळी सातला हे उंबऱ्यात चपला घालतात, ‘येतो गं’ म्हणतात आणि संध्याकाळी साडेसातला येतात. लोकल चुकली तर आठाला.