भाकरीची कोणीतरी

टूसॉनला उतरल्यावर चौथ्या दिवशी मला पोळ्या सापडल्या. १९९४ चा ऑगस्ट होता. ॲरिझोनातलं ऊन आमच्या मंगळवेढ्याच्या उन्हाला मागे टाकत होतं आणि तीन दिवस मी पाव, केळी आणि दूध यांवर काढले होते. दुकानाच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत दहा-दहांची चवड होती. पांढुरक्या, गोल, मधूनमधून तपकिरी डाग पडलेल्या. मला कणीक मळता येत नव्हती; आमच्याकडे मुलग्यांना कुणी ते शिकवत नसे आणि मीही कधी परातीजवळ फिरकलो नव्हतो. खोलीवर येऊन त्या शेगडीवर शेकल्या आणि आईनं बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर उभ्याउभ्या पाच खाल्ल्या.

या पोळ्यांना तिथे टॉर्टिया म्हणतात. शेजारच्या फळीवर मक्याच्याही होत्या, लहान, पिवळट, जाडसर. एकदा आणल्या. पिशवीतून काढून तशाच गार खाल्ल्या, तर पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. उरलेल्या टाकून दिल्या. पुढची नऊ वर्षं मी मक्याच्या वाटेला गेलो नाही.

यात नुसती जीभच होती असं नाही. मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. काळ्या रानातली मालदांडी, आणि तिन्हीत्रिकाळ तिची भाकरी. पोळी सणाला, पाहुण्याला, फार तर आजाऱ्याला दुधात कुस्करून. सोलापूरला शिकायला गेलो तेव्हा डब्यातली भाकरी मी झाकणाआड तोडून खात असे. त्यामुळे परदेशात रोज गव्हाचं खायला मिळू लागलं, ही माझ्या लेखी बढतीच होती.

तिला पहिला तडा दिला तो माझ्यासोबत शिकणाऱ्या, मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातून, एर्मोसियोहून आलेल्या मित्रानं. दुकानातल्या टॉर्टियांना तो टॉर्टिया म्हणायलाच तयार नव्हता. खऱ्या त्याच्या आईच्या. आणि त्या इतक्या मऊ का, तर त्यात ‘मान्तेका’ असते म्हणून. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. आमच्या घरात दोन पिढ्यांची माळ. मी धावत जाऊन पिशवीवरची बारीक अक्षरं वाचली. तिथे वनस्पती तूप निघालं आणि जीव भांड्यात पडला. त्याआधी कोपऱ्यावरच्या गाडीवर किती खाल्ल्या होत्या, तो हिशेब मी आजवर मांडलेला नाही.

त्याच मित्राशी वाद घालताना मी माझा एक आवडता सिद्धान्त पुढे केला होता. गहू स्पॅनिश लोकांनी आणला. मेक्सिकोत तो आपण पहिल्यांदा पेरला, असं हुआन गार्रिदो नावाच्या कृष्णवर्णीय शिपायानं १५३८ च्या अर्जात लिहून ठेवलंय. मका मात्र तिथलाच, तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसानं घडवलेला. तेव्हा गहू साहेबाचा, मका रयतेचा, आमच्याकडच्या पोळी-भाकरीसारखंच. मित्र हसला. म्हणाला, ‘सोनोरात माझ्या आजीच्या आजीनंही गहूच लाटला. आमच्या वाळवंटात हिवाळ्यात रान मोकळं असायचं, तिथे गहू बसला. ओओधाम आदिवासीही तो पिकवतात. आम्ही कुठले साहेब?’ सुट्टीत तो मला घरी घेऊन गेला. त्याची मावशी गोळा हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि पालथ्या कढईसारख्या तव्यावर पसरायची. आरपार दिसावं इतकी पातळ. मला खापरावरचे मांडे आठवले. (त्या दिवशी चरबीची चौकशी मी केली नाही. तेलात करतात, असं मावशी आपणहून म्हणाली.) माझा सिद्धान्त तिथेच गळून पडला, पण मैद्याच्या टॉर्टियावरचं प्रेम उलट वाढलं.

२००३ मध्ये आई आली. पहिल्या आठवड्यात तिला भाकरी करायची होती. भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. ते कधी दळलं होतं देव जाणे. उकळतं पाणी घालून मळलं तरी भाकरी थापताना कडेनं चिरत गेली, उचलताना तुटली. ‘विरी गेलीय पिठाची,’ आई म्हणाली आणि परात बाजूला सारली. तिच्या गावी दळण दोन-चार दिवसांपुरतंच. गिरणीतून आणलेल्या डब्याला हात लावला तर पीठ कोमट लागे. मी माझ्या नेहमीच्या टॉर्टिया पुढे केल्या. एक खाऊन म्हणाली, ‘मैदा आहे रे हा. दिसायला पोळी, पोटात काही नाही.’

पलीकडच्या घरात मेक्सिकोतल्या मिचोआकानकडच्या एक आजी राहत. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा आईचा चेहराच पुरेसा असेल. त्या शनिवारी त्यांनी आम्हा दोघांना गाडीत घालून शहराच्या दक्षिणेकडच्या एका टॉर्टियाच्या दुकानात नेलं. मागे मोटरीवर दगडी जातं गरगरत होतं, तोंडातून ओला मका लगद्यासारखा बाहेर पडत होता. आईनं चिमूटभर उचलून हुंगला आणि म्हणाली, ‘ह्याला चुना लावलाय.’

खरंच लावला होता. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच भिजू द्यायचा, सकाळी चोळून साल काढायची, धुऊन दळायचा. मेक्सिकोत अशा मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटते, पीठ धरून राहतं, आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन अंगी लागतं. युरोपनं मका नेला पण चुना तिथेच ठेवला. उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रानं गाठलं. कातडी सोलवटणारा, पुढे बुद्धीला भ्रम पाडणारा रोग. तो दख्खनमध्ये ज्वारी खाणाऱ्यांतही दिसे, आणि १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिनशी जोडला, हे मी पुष्कळ पुढे वाचलं. आईला यातलं काही सांगायची गरज नव्हती. तिला वास ओळखीचा होता, पानाच्या डब्यातल्या चुन्याचा, बस्स.

पिठाचा गोळा घेऊन आम्ही आजींच्या स्वयंपाकघरात आलो. त्यांनी लाकडी दाबयंत्र काढलं. आईनं ते हातानं दूर केलं आणि थाळी मागितली. पहिली थाळीलाच चिकटली. दुसरी उतरली, भाकरीएवढी जाड. तव्यावर टाकून सवयीनं वरून पाण्याचा हात फिरवला, तर आजी ‘नो, नो’ करत धावल्या. पण ती फुगली, अगदी टम्म, पापुद्रा सुटलेली. आजींनी टाळी वाजवली आणि काहीतरी म्हणाल्या. माझ्या मोडक्या स्पॅनिशच्या आधारे मी आईला सांगितलं, ‘टॉर्टिया फुगली म्हणजे बाई लग्नाला तयार झाली, असं त्यांच्यात म्हणतात.’ आई बासष्टीची. पदर तोंडाला लावून हसली. मग तुकडा मोडून, मिरचीचा ठेचा लावून बराच वेळ चावत राहिली.

‘भाकरी नव्हे,’ म्हणाली, ‘पण भाकरीची कोणीतरी लागते.’

मी माझा तुकडा गरम खाल्ला. नऊ वर्षं मी गार पुठ्ठ्याला मका समजत होतो.

पुढे मेक्सिको सिटीला कामानिमित्त गेलो तेव्हा शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिवेराची भित्तिचित्रं पाहिली. त्यातल्या एकात जेवणाच्या मेजाशी सावळा, गंभीर माणूस बसलाय. ते आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे चापिंगोच्या कृषिशाळेत प्राध्यापक. मका आणि तेओसिंते यांच्या संकरावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. चित्रात मात्र त्यांच्या हाती पाव आहे. मला त्याची गंमत वाटली, थोडा रागही आला. बाहेर आलो तर गल्लीत टॉर्टियाच्या दुकानापुढे रांग होती. बायका टोपलीत धुवट फडकं अंथरून उभ्या, किलोभर गरम चवड त्यात गुंडाळून घेत होत्या. गिरणीपुढे डबे घेऊन उभी असलेली आमची आळी मला दिसली. मीही रांगेत लागलो. फडकं नव्हतं, म्हणून रुमाल पुढे केला.

आता आमच्या फ्रीजमध्ये दोन्ही असतात. मैद्याच्या टॉर्टिया लेकीसाठी. ती इथेच वाढली. घडीची पोळी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ‘ही टॉर्टियासारखी लागते’ म्हणाली. घाईच्या दिवशी मीही त्यातलीच एक उचलतो, आणि ती आवडतेही. खोटं कशाला बोलू. मक्याचं ओलं पीठ मी रविवारी सकाळी त्याच दुकानातून आणतो. दाबयंत्र वापरतो, आईइतका हात नाही.

गेल्या रविवारी तिसरी टॉर्टिया फुगली. अर्धीमुर्धी नाही, कडेपर्यंत. मी लेकीला ओरडून हाक मारली. ती खोलीतून आली, हातात बीन्स भरलेली मैद्याची टॉर्टिया. तव्याकडे पाहिलं, ‘वा बाबा, झालं तुमचं लग्न,’ म्हणाली आणि खातखात परत गेली.