मेलांक्थनची तसबीर

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जाणारा प्रवासी बहुधा मिसर देशाच्या मूर्ति व ग्रीकांचीं शिल्पें पाहूनच थकतो. आम्हीही पहिल्या दिवशीं तसेच थकलों. दुसऱ्या दिवशीं मात्र, आगाऊ वेळ ठरवून, आम्ही तेथील चित्रसंग्रहाच्या अभ्यासिकेंत गेलों. उजेडानें जुन्या कागदास अपाय होतो. म्हणून अशीं छापील चित्रें पेट्यांत जपून ठेवितात व मागणी करणारापुढें आणून देतात.

आमच्यापुढें आलेलें चित्र वीतभरही उंच नव्हतें. न्यूरेम्बर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानें तें १५२६ सालीं तांब्याच्या पत्र्यावर कोरलें. आपल्याकडील ताम्रपट प्रत्यक्ष वाचण्यासाठीं कोरीत. येथें कोरलेल्या रेघांत शाई भरून त्यावर ओलसर कागद दाबतात. छाप उलट उमटतो, म्हणून अक्षरेंही उलटीं कोरावीं लागतात.

चित्रांतील पुरुष धर्मपंडित फिलिप मेलांक्थन होय. एकविसाव्या वर्षीं, १५१८ सालीं, तो विटेनबर्ग विद्यापीठांत ग्रीक भाषेचा अध्यापक झाला आणि मार्टिन लूथरचा सहकारी बनला. नव्या पंथाच्या धर्मतत्त्वांची पहिली पद्धतशीर मांडणी त्यानें १५२१ सालीं केली. तरी धर्मोपदेशकाची दीक्षा त्यानें कधींच घेतली नाहीं. जन्मभर तो शिक्षकच राहिला. न्यूरेम्बर्गास तो आला, तोही तेथील नव्या शाळेच्या कामासाठीं.

विस्कटलेले केस, उघडा गळा, कपाळावर फुगलेली शीर आणि बुबुळांत चमकणारें खिडकीचें प्रतिबिंब! इतकें सारें साधूनही ड्यूररनें खालीं लॅटिनमध्यें कोरून ठेविलें आहे, त्याचा भावार्थ असा कीं, जिवंत फिलिपचें मुख त्यास रेखाटतां आलें, परंतु मन रेखाटणें त्या निष्णात हातालाही साधलें नाहीं.

हा केवळ विनय असेल, असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु त्याच सालीं ड्यूररनें एरास्मस या पंडिताचेंही चित्र कोरलें. त्याच्याभोंवतीं पुस्तकें मांडलीं, फुलें ठेविलीं, आणि याचें खरें दर्शन याच्या ग्रंथांतच घडेल, अशा अर्थाचा ग्रीक लेखही घातला. तरी तें चित्र एरास्मसला स्वतःसारखें वाटलें नाहीं. एकाच कोरणीनें दोनदां सांगितलेली ही गोष्ट नुसती नम्रता कशी म्हणावी?

तेथें बसल्या बसल्या आम्हांस आपल्या घरची आठवण झाली. आजोबांच्या तसबिरीस आम्ही दर श्राद्धतिथीस न चुकतां हार घालतों. त्यांनीं अध्यापनासाठीं लिहिलेल्या वह्या मात्र माळ्यावर पडून होत्या. मुख आम्हीं जपलें होतें. मनाची विचारपूस कोणीच केली नव्हती.

परत आल्यावर त्या खालीं काढिल्या. दोन वह्यांस कसर लागली होती. उरलेल्या पांच आतां रोज रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, घरांत वाचल्या जातात.