मावेल तेवढे

इचलकरंजीतील कापडाचा व्यापार करणाऱ्या एका घरात शिवणाच्या खोलीचे दार कित्येक वर्षे पुरते उघडत नव्हते. दारामागे तुकड्यांची गाठोडी होती. परकर-पोलक्यांपासून बाळाच्या दुपट्यापर्यंत, घरात शिवलेल्या प्रत्येक वस्त्राचे उरलेले कापड सासूबाईंनी जपून ठेवले होते. वीतभर कापडालाही मोल असते, हा धडा त्यांना दुकानानेच दिला होता.

एके दिवशी त्याच गाठोड्याला अडखळून त्या पडल्या, मनगट मोडले. मुलगा काळजीपोटी, पण कठोर स्वरात म्हणाला, "हे सारे उद्याच घराबाहेर जाईल." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्या सर्वांबरोबर जेवायलाही बसल्या नाहीत.

सुनेने आठ दिवसांची मुदत मागितली. जपणे वेगळे आणि नुसते साठवणे वेगळे, हे तिला कळत होते; पण वडीलधाऱ्यांना ते सांगायचे कसे? म्हणून तिने गाठोड्यांतीलच जाड सुती कापड काढले. पुढे धुण्यात आटू नये यासाठी ते आधी भिजवून, वाळवून इस्त्री केले. एका परडीसाठी बाहेरचे दोन व अस्तराचे दोन, असे 12 इंच रुंद आणि 9 इंच उंच तुकडे कापले. प्रत्येकाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून 2 इंचांचे चौकोन काढले. बाजू व तळ शिवून, शिवणीवर शिवण आणून कोपरे आडवे शिवले, तेव्हा सपाट पिशवीला बूड आले. अस्तराच्या तळाशी पंजा जाईल एवढी फट ठेवली होती. वरचे काठ जोडल्यावर तिच्यातून परडी उलटवली आणि फट हाताने तुरपली. पहिली परडी मात्र वाकली. पुढच्या परड्यांना तिने बाहेरच्या कापडाला आतून बकरम लावले. त्या ताठ उभ्या राहिल्या.

अशा सहा परड्या तिने सासूबाईंपुढे मांडल्या. "आई, यांत मावेल तेवढे ठेवू. निवडायचे तुम्हीच."

सासूबाई एका हाताने निवडू लागल्या. गुळेदगुड्डचे खण एकीत, इरकली काठ दुसरीत. झबल्यांच्या मऊ तुकड्यांशी येताच हात थांबला. एक पिवळा तुकडा त्यांनी मुठीत धरला. "थोरलीचा आहे. सव्वा महिनाही राहिली नाही." इतक्या वर्षांत त्या कोणाजवळ हे बोलल्या नव्हत्या. दारात उभा असलेला मुलगा आत आला आणि आईच्या शेजारी बसून तुकडे निवडू लागला.

उरलेली गाठोडी गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंकडे गेली. ती बांधून देताना सासूबाईंचा हात अडखळला नाही. पाच परड्या भरल्या. सून सहावी भरू लागली, तोच त्या म्हणाल्या, "अगं, ती राहू दे रिकामी. पुढे येईल त्यालाही जागा हवी."

खोलीचे दार आता पूर्ण उघडते.