सात अंकांच्या गावात

रात्री कापरेकरांची वजाबाकी पुन्हा करून पाहिली. देवळालीच्या या शाळामास्तरांना 1949 मध्ये 6174 सापडला. त्याचा तीन अंकी भाऊ 495. कोणतेही तीन अंक घ्या, सगळे सारखे मात्र नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. शेवटी 495 येतोच. 621 उणे 126, एका फटक्यात 495.

मग वाटलं, हे मोठेपण त्या संख्येचं की आपल्या दहा बोटांचं?

म्हणून 0 ते 7 एवढेच अंक ठेवले. आता हातचा दहाचा नाही, आठाचा. 621 उणे 126 म्हणजे 473. पुढे 743 उणे 347 म्हणजे 374. आणि गाडी तिथेच थांबली! मधला अंक 7, कडेच्या दोघांची बेरीज 7. तिकडे 495 मध्ये हेच काम 9 करतो. चेहरा बदलला, हाडं तीच. मी कितीतरी वेळ त्या दोन संख्यांकडे बघत बसलो.

सातच्या पायावर, म्हणजे 0 ते 6 एवढेच अंक ठेवल्यावर, मात्र वेगळंच घडलं. 363 मधून 264 आला, 264 मधून पुन्हा 363. पाया सम असेल तर कडेचे अंक एका घराच्या फरकाने जुळतात आणि संख्या स्थिरावते; विषम पायात तसं जमत नाही. त्या दोघी एकमेकींकडे येत-जात राहतात, विसावत नाहीत. वही मिटली तरी ती येरझार डोळ्यांसमोर चालूच होती.